देवाचे अस्तित्व विज्ञानाने सिद्ध होऊ शकते का? आधी 'सिद्ध होणे' म्हणजे काय ते ठरवू

अन्वेषक (मूळ लेख)

देव आहे की नाही यावरची चर्चा बहुधा थेट पुराव्यांपासून सुरू होते आणि थोड्याच वेळात कोण श्रद्धाळू व कोण नास्तिक या वर्गवारीवर येऊन थांबते. म्हणून हा धागा मी मुद्दाम त्याआधीच्या प्रश्नापासून सुरू करतो आहे. एखादी न दिसणारी गोष्ट 'आहे' असे विज्ञानात केव्हा म्हणता येते, आणि देवाबद्दलचे विधान त्या वाटेने जाऊ शकते का? माझे मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ते खोडून काढू इच्छिणाऱ्यांना सोयीचे होईल. 'देव आहे' हे सर्वसाधारण विधान विज्ञानाने सिद्ध होणार नाही आणि खोटेही ठरणार नाही, कारण जगात घडू शकणाऱ्या कोणत्याही घटनेला ते मज्जाव करत नाही. मात्र देव जगात अमुक एक गोष्ट करतो, असे नेमके विधान कोणी केले तर ते तपासता येते, आणि आजवर अशी जी विधाने नीट तपासली गेली ती टिकलेली नाहीत.

'न दिसणे' ही यातली अडचण नाही. "इलेक्ट्रॉन तरी कुठे दिसतो? मग देव दिसत नाही म्हणून नाकारता कसा?" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, म्हणून हे स्पष्ट करायला हवे. विज्ञान न दिसलेल्या वस्तूंचे अनुमान सर्रास करते. युरेनस हा ग्रह गणिताने सांगितलेल्या मार्गावरून किंचित ढळतो, हे एकोणिसाव्या शतकात लक्षात आले होते. त्यापलीकडचा एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा असे मानून फ्रेंच खगोलज्ञ लव्हेरिए याने त्या ग्रहाची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याने दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही एक विसंगती आढळली, तेव्हा त्याच लव्हेरिएने १८५९ मध्ये तीच पद्धत वापरली आणि सूर्य व बुध यांच्या दरम्यान आणखी काही वस्तुमान, कदाचित एखादा ग्रह, असावा असे सुचवले. त्या ग्रहाला 'व्हल्कन' असे नाव मिळाले, तो पाहिल्याचे दावेही झाले. पण तो ग्रह नव्हताच. दर शतकाला सुमारे ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धांतातून सुटला, आणि त्यासाठी कोणताही नवा ग्रह मानावा लागला नाही.

माणूस तोच, पद्धत तीच. एक अदृश्य ग्रह खरा निघाला, दुसरा निघाला नाही. दोन्ही वेळा कुठे पाहायचे आणि तिथे काही न दिसल्यास कोणत्या कल्पनेला धक्का बसेल, हे पाहण्याआधीच ठाऊक होते. १९१९ च्या २९ मे रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ब्रिटिश खगोलज्ञ एडिंग्टन आणि त्याचे सहकारी ताऱ्यांची छायाचित्रे घ्यायला गेले, तेव्हाही हेच होते. सूर्याला चाटून येणारा प्रकाशकिरण १.७५ विकलांनी वळेल असे आइन्स्टाइनचे गणित सांगत होते, तर न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावरून साधारण त्याच्या निम्मा आकडा येत होता. सिद्धांताने स्वतःची मान अशी पुढे केलेली असते, म्हणून त्याच्या बाजूने आलेल्या निरीक्षणाला वजन येते.

आता 'देव आहे' हे विधान घ्या. रुग्ण बरा झाला तर ती देवाची कृपा असते, दगावला तर देवाची इच्छा. विश्वात सुव्यवस्था दिसली तर तो देवाचा नियम ठरतो, आणि नियमाबाहेरचे काही घडले तर तो चमत्कार. जे विधान सर्व शक्यतांशी सुसंगत असते, त्याच्या बाजूने कोणतेही निरीक्षण पुरावा ठरू शकत नाही, कारण उलट निरीक्षण मिळाले असते तरी ते विधान तसेच उभे राहिले असते. यात श्रद्धेचा अवमान नाही. तिचे काम वेगळे असू शकते. पण ज्यांना 'वैज्ञानिक सिद्धता' हवी आहे त्यांनी या अडचणीला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

विज्ञानाला ज्याचे उत्तर ठाऊक नाही तिथे देवाला बसवण्याची वाट खुद्द न्यूटनने चोखाळली होती, हे इथे नोंदवायला हवे. ग्रहांच्या परस्पर ओढीमुळे त्यांच्या कक्षांत हळूहळू अनियमितता साचत जाईल आणि केव्हातरी ही रचना नव्याने सावरावी लागेल, असे त्याला वाटत होते. हे सावरणे त्याच्या मते ईश्वराकडचे काम होते. त्याचा समकालीन जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ याने त्यावर आक्षेप घेतला की असा ईश्वर म्हणजे स्वतःच्या यंत्राची वारंवार दुरुस्ती करावी लागणारा कारागीर झाला. पुढे १७८० च्या दशकात फ्रेंच गणिती लाप्लासने गुरू आणि शनी यांच्या गतीत दिसणारा फरक त्यांच्या परस्पर आकर्षणातूनच, सुमारे ९०० वर्षांच्या आवर्तनात, कमीजास्त होत राहतो हे दाखवले. देवासाठी राखून ठेवलेली ती जागा अशा रीतीने भरली गेली. लायब्निझ स्वतः आस्तिक होता, आणि मला त्याचा आक्षेप लाप्लासच्या गणिताइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण अज्ञानाच्या फटीत देव ठेवण्याची पद्धत श्रद्धेच्या बाजूनेही तोट्याची आहे हे त्याने वेळीच ओळखले होते.

ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी एवढे जरूर सांगावे: आपण मांडत असलेला पुरावा उलटा आला असता, तर आपण आपले मत बदलले असते का?

ध्रुवपद

आपली मांडणी नीटस आहे, परंतु आपण जुन्या काळातली सोपी उदाहरणे निवडली आहेत. आजचा मुद्दा ग्रहांच्या कक्षांचा राहिलेला नाही. विश्वाचे मूलभूत स्थिरांक जीवसृष्टीला पोषक अशा अतिशय अरुंद पट्ट्यात आहेत, ही बाब भौतिकशास्त्रज्ञच सांगतात. ताऱ्यांच्या गाभ्यात कार्बन तयार होण्यासाठी कार्बनच्या अणुकेंद्राला एक विशिष्ट ऊर्जापातळी असावी लागते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९५३ मध्ये, विश्वात कार्बन विपुल आहे एवढ्यावरून, ती पातळी सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असलीच पाहिजे असे सांगितले, आणि प्रयोगात ती तिथे सापडली. हॉईल कोणी धर्मोपदेशक नव्हते, तरीही या योगायोगाने ते अस्वस्थ झाले आणि भौतिकशास्त्राशी कोणा बुद्धीने खेळ केला असावा, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले. त्यातच विश्वाला सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी आरंभ होता हेही आता मान्य आहे. ज्याला आरंभ आहे त्याला कारण असले पाहिजे. हे अज्ञानावरून केलेले अनुमान नसून ज्ञात गोष्टींवरून केलेले अनुमान आहे, आणि आपण नेपच्यूनसाठी जी मुभा देता ती इथेही दिली पाहिजे.

अन्वेषक

ध्रुवपद, आपण सर्वांत बळकट मुद्दा मांडलात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

हॉईल यांचे उदाहरण विलक्षण आहे यात शंका नाही. पण त्या भाकितात कोणते विधान पणाला लागले होते ते पाहा. कार्बन ताऱ्यांत तयार होतो आणि तो विपुल आहे, म्हणून अमुक ऊर्जापातळी असली पाहिजे, असे ते विधान होते. ती पातळी सापडली नसती तर ताऱ्यांतल्या कार्बननिर्मितीची कल्पना अडचणीत आली असती. देवाची कल्पना आली नसती. त्या भाकिताच्या यशाने सिद्ध झाले ते ताऱ्यांच्या अंतरंगाविषयीचे ज्ञान. 'कोणा बुद्धीने' हा भाग त्यानंतरचे चिंतन आहे, त्याला प्रयोगाचा आधार नाही.

स्थिरांक जीवसृष्टीला नेमके जुळतात या आपल्या 'सूक्ष्म जुळणीच्या' युक्तिवादात दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. एखाद्या स्थिरांकाचे मूल्य 'असंभाव्य' आहे असे म्हणायला त्याची इतर मूल्ये किती संभाव्य होती हे ठाऊक असावे लागते. फाशाला सहा बाजू आहेत हे माहीत असते म्हणून सहा पडण्याची शक्यता आपण सांगू शकतो. विश्वाच्या स्थिरांकांना किती बाजू आहेत, त्या बदलू शकतात तरी का, आणि बदलू शकत असतील तर कोणत्या प्रमाणात, याविषयी आपल्याजवळ एकाच विश्वाची माहिती आहे. अनेक विश्वांच्या कल्पनेने हा प्रश्न सुटतो असेही मी म्हणणार नाही. ती कल्पनाही तपासायला तितकीच अवघड आहे, आणि देवाला नकार द्यायचा म्हणून ती स्वीकारणे हे त्याच चुकीचे दुसरे रूप होईल.

आरंभाबद्दल. महास्फोटाच्या कल्पनेचे जनक जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांनी १९२७ मध्ये प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित मांडले आणि १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या विज्ञानातून सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा मिळतो असा सूर लावला, तेव्हा सर्वाधिक अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धांत धार्मिक वा तत्त्वमीमांसेच्या प्रश्नांच्या बाहेर राहतो अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. त्यांची दूरदृष्टी मला मोलाची वाटते. सिद्धांत बदलतात, त्या दिवसांत हॉईल प्रभृतींचा १९४८ चा स्थिर स्थिती सिद्धांत जोरात होता आणि त्यात विश्वाला आरंभच नव्हता. १९६५ मध्ये सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचा, म्हणजे विश्वाच्या उष्ण आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणाचा, शोध प्रसिद्ध झाल्यावर त्याचा पाया खचला. तरीही १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर यांनी तो सुधारित रूपात पुन्हा मांडला. ते प्रतिमान मान्यता पावले नाही, पण ते मान्य झाले असते तर आपण 'देव नाही' असे म्हटले असते का? नसते. मग महास्फोट मान्य झाल्याने 'देव आहे' असे कसे म्हणणार?

शिवाय १३८० कोटी वर्षे हा आकडा अतिशय उष्ण आणि घन अवस्थेपासून आजवर लोटलेला काळ सांगतो. त्याआधी काही होते का, 'आधी' या शब्दाला तिथे अर्थ उरतो का, यासाठी गुरुत्वाकर्षण आणि पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) यांना एकत्र बांधणारा सिद्धांत लागेल, आणि तो अजून आपल्याजवळ नाही.

तर्कसंगत

अन्वेषक यांच्याशी बहुतांश सहमत, पण ते एका ठिकाणी अकारण मवाळ होतात असे वाटते. 'सिद्धही होणार नाही आणि खोटेही ठरणार नाही' असे म्हटले की श्रोत्याला दोन्ही पारडी समान वाटू लागतात. लोक ज्या देवाची प्रार्थना करतात तो असा निराकार, निष्क्रिय नसतो. तो ऐकतो, पावतो, रोग बरे करतो, अशीच बहुसंख्यांची धारणा आहे. त्या देवाची तपासणी झालेली आहे. फ्रान्सिस गॉल्टनने १८७२ मध्येच असा प्रश्न विचारला होता की राजेराण्यांच्या दीर्घायुष्यासाठी इतक्या ठिकाणी नित्य प्रार्थना होतात, तर ते इतर सधन वर्गांपेक्षा जास्त जगतात का? त्याच्या आकडेवारीत ते उलट कमी जगत होते.

ही पद्धत ढोबळ होती हे मान्य. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील अभ्यास ढोबळ नव्हता. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांचे सोडत पद्धतीने तीन गट केले होते. दोन गटांना 'तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही' एवढेच सांगितले होते. त्यातल्या एकासाठी ती प्रत्यक्ष झाली आणि दुसऱ्यासाठी झाली नाही. पहिल्यात ५२ टक्के आणि दुसऱ्यात ५१ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना माहीत होते, त्या तिसऱ्या गटात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. हा अभ्यास प्रार्थनेच्या विरोधकांनी केलेला नव्हता. त्याला मिळालेले बरेचसे आर्थिक पाठबळ अध्यात्म आणि विज्ञान यांच्या नात्यात रस असणाऱ्या संस्थेचे होते. जिथे पुरावा असायला हवा होता तिथे नीट शोधूनही तो मिळाला नाही, तर ती अनुपस्थिती हाच विरुद्ध पुरावा असतो. व्हल्कनच्या बाबतीत आपण हेच केले.

आणखी एक लहानसा आक्षेप. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने १९३४ मध्ये मांडलेली खंडनक्षमतेची कसोटी (जे विधान निरीक्षणाने खोटे ठरू शकते तेच वैज्ञानिक) आपण फार सरळ करून मांडली आहे. युरेनस चुकीच्या जागी दिसला तेव्हा लव्हेरिएने न्यूटनला खोटे ठरवले नाही. एक जादा ग्रह कल्पून सिद्धांत वाचवला. श्रद्धाळूही तेच करतात असे ते म्हणू शकतील.

अन्वेषक

तर्कसंगत, शेवटचा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. अडचण आल्यावर सिद्धांत वाचवण्यासाठी नवे गृहीत धरणे विज्ञानात निषिद्ध नाही. पण ते नवे गृहीत स्वतंत्रपणे तपासता आले पाहिजे. लव्हेरिएचा जादा ग्रह आकाशात शोधता येत होता. प्रार्थनेचा अभ्यास निष्फळ ठरल्यावर 'देवाची परीक्षा घेतलेली देवाला आवडत नाही' असे म्हटले, तर ते गृहीत कशाने तपासणार? दोन्हींतला फरक तिथे आहे.

त्या अभ्यासाविषयी एक सावधगिरी मात्र पाळू या. ज्या गटासाठी प्रार्थना झाली नाही, त्याच्यासाठीही नातेवाईक आपापल्या घरी प्रार्थना करतच असणार. ते कोणी थांबवू शकत नाही. म्हणजे तपासले गेले ते अनोळखी व्यक्तींनी नेमून दिलेल्या पद्धतीने केलेल्या जादा प्रार्थनेचे फळ. तिसऱ्या गटातल्या ५९ टक्क्यांवरून प्रार्थना घातक असते, असा निष्कर्षही मी काढणार नाही. आपल्यासाठी खास प्रार्थना करावी लागते आहे म्हणजे आपली प्रकृती फारच बिघडली असावी, अशी धास्ती रुग्णांनी घेतली असण्याची शक्यता संशोधकांनीच बोलून दाखवली होती. आपल्या मताला अनुकूल आकड्यांनाही तोच चाळणीचा नियम लावायला हवा.

पण मूळ मुद्दा तुमचाच बरोबर आहे. मी 'सर्वसाधारण विधान' आणि 'नेमके विधान' असा भेद केला तो याचसाठी. रोग बरे करणाऱ्या देवाबद्दल विज्ञान गप्प बसत नाही.

गणिती

गोडेलच्या सिद्धतेचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? विसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ तर्कज्ञांपैकी एकाने देवाच्या अस्तित्वाची औपचारिक सिद्धता लिहिली होती आणि २०१३ मध्ये बेन्झम्युलर आणि वोल्ट्सेनलोगेल पालेओ या दोघांनी ती संगणकाकडून तपासून घेतली. तपासणीत ती बरोबर निघाली. हे आपल्याला पुरावा म्हणून का चालत नाही?

अन्वेषक

संगणकाने तपासले ते एवढेच: ही गृहीतके मानली तर हा निष्कर्ष निघतो. गृहीतके खरी आहेत का, हे संगणकाने तपासले नाही आणि तो तपासूही शकत नाही. अकराव्या शतकातल्या अ‍ॅन्सेल्मपासून चालत आलेल्या युक्तिवादाची ही शुद्ध तर्करूप आवृत्ती आहे. काही गुणधर्म 'सकारात्मक' असतात आणि आवश्यक अस्तित्व हा त्यांपैकी एक आहे, हे मान्य केले की पुढचे आपोआप येते. वाद आहे तो हे मान्य का करावे यावर. अस्तित्व हा इतर गुणांसारखा वस्तूत भर घालणारा गुण नाही, हा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा आक्षेप इथेही उभा राहतो.

आणखी दोन गोष्टी बातम्यांमध्ये क्वचित आल्या. त्याच संशोधकांना पुढे असे आढळले की गोडेलच्या १९७० च्या मूळ टिपणातली गृहीतके परस्परविसंगत आहेत, आणि सुसंगत ठरते ती तर्कज्ञ डेना स्कॉट यांनी किंचित बदललेली मांडणी. त्या मांडणीतूनही असा निष्कर्ष निघतो की जे काही सत्य आहे ते सर्व अटळपणे सत्य आहे, म्हणजे काहीच वेगळे घडू शकत नव्हते. हा निष्कर्ष फार थोड्या आस्तिकांना पचेल. गणित म्हणून हे काम सुंदर आहे आणि ते संगणकाच्या साहाय्याने तपासता येणे ही मोठी प्रगती आहे. पण त्यात जगाचे एकही निरीक्षण नाही, म्हणून त्याला वैज्ञानिक पुरावा म्हणता येणार नाही.

नवागत

२०१२ साली सापडलेला देवकण हा या चर्चेत बसतो का?

अन्वेषक

बसत नाही. ४ जुलै २०१२ रोजी जीनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेने जाहीर केलेला हिग्ज बोसॉन हा मूलकणांना वस्तुमान कसे मिळते या प्रश्नाशी संबंधित आहे. ते लोकप्रिय नाव लिऑन लेडरमन यांच्या पुस्तकामुळे रूढ झाले. देवाशी त्याचा संबंध नाही आणि बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना ते नाव आवडतही नाही.

मुमुक्षू

आतापर्यंतची सारी चर्चा एका गृहीतावर उभी आहे की ज्ञानाचे साधन म्हणजे बाहेरचे मोजमाप. ज्यांनी ईश्वराचा अनुभव घेतला त्यांच्यासाठी तो अनुभव हेच प्रमाण आहे. गुळाची गोडी चाखल्याशिवाय कळत नाही आणि चाखणाऱ्याला ती कोणी सिद्ध करून दाखवावी लागत नाही. वेगवेगळ्या काळांतील, वेगवेगळ्या भाषांतील साधकांनी सांगितलेले अनुभव इतके मिळतेजुळते असतात की ते सर्व भ्रम आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल. विज्ञानाने स्वतःची मर्यादा ओळखून इथे थांबावे, असे मला वाटते.

अन्वेषक

मुमुक्षू, अनुभव खोटा असतो असे मी कधीच म्हणणार नाही. तो येतो, आणि काहींचे संपूर्ण जीवन बदलून टाकण्याइतका तीव्र असतो. प्रश्न त्याच्या अर्थाचा आहे. अनुभव आला यावरून अनुभवाचा विषय मनाबाहेर आहे हे ठरत नाही, कारण स्वप्नातही अनुभव येतोच. अनुभवांतले साम्य सर्वांचा विषय एक असल्यामुळे असेल, तसेच ते सर्वांचा मेंदू एकाच घडणीचा असल्यामुळेही असेल. केवळ साम्यावरून यांपैकी एकाची निवड करता येत नाही.

हीच सावधगिरी मी उलट बाजूनेही बाळगतो. मेंदूच्या बाजूच्या खंडांना क्षीण चुंबकीय क्षेत्र दिले की अदृश्य उपस्थितीची जाणीव होते, असा मायकेल पर्सिंजर यांचा दावा बराच गाजला आणि 'देव म्हणजे मेंदूचा खेळ' असे मथळे झळकले. परंतु स्वीडनमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चुंबकीय क्षेत्र केव्हा चालू आहे हे सहभागी व्यक्तींना आणि प्रयोग घेणाऱ्यांनाही कळणार नाही अशी व्यवस्था केली, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही; अनुभव कोणाला येतील हे सहभागी व्यक्तींच्या सूचनाक्षमतेवर अवलंबून असल्याचे दिसले. समजा परिणाम आढळला असता, तरी देव नाही असे त्यातून ठरले नसते. समोरचे झाड पाहतानाही मेंदूत हालचाल होते, म्हणून झाड खोटे ठरत नाही.

विज्ञानाने थांबावे, या तुमच्या सूचनेला माझी हरकत नाही, मात्र मग दोन्ही बाजूंनी थांबू या. अनुभव हे स्वतंत्र प्रमाण आहे असे मानले तर त्याला 'वैज्ञानिक' हे विशेषण जोडायचा मोहही सोडायला हवा.

ध्रुवपद

आपण प्रत्येक पुराव्याला काही ना काही कारण देऊन बाजूला सारत आहात. आपल्या परंपरेत ईश्वरसिद्धीसाठी अनुमानाचा मार्ग मान्य होता. उदयनाचार्यांनी हजार वर्षांपूर्वी सांगितले की घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार असतो. त्याचप्रमाणे पृथ्वी आदी कार्ये आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे. आपण सुरुवातीला जो प्रश्न विचारलात तोच मी आपल्याला विचारतो. काय दिसले तर आपण मत बदलाल? की आपले मतही खंडनक्षम नाही?

अन्वेषक

प्रश्न अगदी योग्य आहे. आधी परंपरेबद्दल, कारण तिथे चित्र एकरंगी नाही. उदयनाचार्यांच्या आधी, सातव्या शतकात, बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने या अनुमानाच्या मर्मावर बोट ठेवले होते. घट मातीचा आहे आणि तो कुंभाराने केला, एवढ्यावरून मातीचे जे जे काही असेल ते कुंभाराने केले असे म्हणायचे ठरवले, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल. घटाला कर्ता असतो हे आपल्याला घट घडताना पाहिल्यामुळे कळलेले असते. विश्वे घडताना आपण पाहिलेली नाहीत. पृथ्वीला 'कार्य' म्हणताच कर्ता गृहीत धरला जातो आणि मग तोच निष्कर्ष म्हणून बाहेर काढला जातो. सजीवांच्या बाबतीत तर १८५९ नंतर, डार्विनने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत प्रसिद्ध केल्यावर, रचनेसाठी रचनाकार लागतोच हा आग्रह धरता येत नाही. बौद्धांचे सोडा, मीमांसक कुमारिल भट्ट वेदप्रामाण्याचे कट्टर पुरस्कर्ते होते, तरी त्यांनी जगत्कर्त्याचे अनुमान नाकारले, आणि सांख्यसूत्रांत ईश्वर सिद्ध होत नाही असे स्पष्ट सूत्रच आहे.

आता माझ्या मताची कसोटी. तर्कसंगत यांनी सांगितलेल्या अभ्यासासारखाच अभ्यास घ्या. निकष आधी जाहीर झालेले असावेत आणि आकडेमोड दोन्ही मतांच्या लोकांनी मिळून तपासलेली असावी. त्यात प्रार्थना झालेल्या गटातली गुंतागुंत ठळकपणे कमी दिसावी, तेच इतर देशांतल्या स्वतंत्र संशोधकांनाही पुन्हा पुन्हा दिसावे, आणि परिणाम केवळ एका विशिष्ट देवतेला केलेल्या प्रार्थनेनेच व्हावा, इतर देवतांच्या किंवा शुभेच्छांच्या उच्चाराने होऊ नये. असे झाले तर प्रार्थना ऐकून कृती करणारे काही आहे, हे मी मान्य करीन. ते मान्य करणे मला जड जाईल, पण मी करीन.

मुमुक्षू

परंतु एवढ्यावरून आपल्याला ईश्वर मिळाला असे म्हणता येईल का? रामानुजाचार्य परमभक्त होते, तरीही श्रीभाष्यात त्यांनी अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही असे प्रतिपादले आहे. जग हे कार्य मानले तरी ते एकाच वेळी एकाच कर्त्याने केले हे अनुमानातून निघत नाही, आणि घडवणारे जे कर्ते आपण पाहतो ते सारे देहधारी आणि मर्यादित सामर्थ्याचे असतात. त्यांच्या मते ईश्वर शास्त्रप्रमाणानेच कळतो. अन्वेषक यांच्याशी माझे इतर बाबतीत पटत नसले, तरी विज्ञानाकडून ईश्वरसिद्धी मागू नये या निष्कर्षावर मी त्यांच्याआधीच येऊन पोचलेलो आहे, आणि तो श्रद्धेच्या बाजूने.

अन्वेषक

मुमुक्षू, हे आपण मांडलेत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या धाग्यातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे. मी वर वर्णन केलेला प्रयोग यशस्वी झाला, तरी त्यातून सिद्ध होईल ते प्रार्थना ऐकू शकणारे आणि हृदयाच्या काही रुग्णांना साहाय्य करणारे एखादे अस्तित्व. ते सर्वशक्तिमान आहे, अनादी आहे, एकच आहे किंवा विश्वाचे कर्ते आहे, यातले काहीही त्या आकड्यांतून निघणार नाही. मोजमाप नेहमी मर्यादित असते, आणि मर्यादित परिणामावरून अमर्याद कारणाचे अनुमान करता येत नाही. म्हणजे खंडनक्षमतेची अडचण ओलांडली तरी ही दुसरी अडचण शिल्लक राहते, आणि ती मला अधिक मूलभूत वाटते.

तेव्हा ध्रुवपद, सूक्ष्म जुळणीच्या मुद्द्यावर आपल्याला पुढे जायचे असेल तर एक सुचवतो. वैश्विक स्थिरांकाच्या (रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेशी जोडलेल्या राशीच्या) बाबतीत ढोबळ सैद्धांतिक अंदाज आणि प्रत्यक्ष मूल्य यांत एकावर सुमारे १२० शून्ये इतक्या पटींची तफावत येते, हे आपण पुढे मांडालच. १९८७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी त्यावर असा विचार केला की आकाशगंगा तयार होऊ शकतील अशाच विश्वात हा प्रश्न विचारणारे असू शकतात, आणि त्यावरून त्या स्थिरांकाला एक कमाल मर्यादा काढून दिली. १९९८ मध्ये अतिदूरच्या अतिनवताऱ्यांच्या (सुपरनोव्हांच्या) निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे कळले, आणि त्यातून आलेले मूल्य त्या मर्यादेत होते. वाइनबर्ग यांचा मार्ग अनेकांना मान्य नाही, पण आकडा त्यांनी मोजमापाच्या आधी दिला होता. विश्व एका हेतुपूर्ण बुद्धीने घडवले असेल, तर अजून न मोजलेल्या कोणत्या राशीचे मूल्य किती असायला हवे? ते कोणी आधी लिहून ठेवले, आणि मूल्य तसे न आल्यास आपण हे अनुमान सोडून देऊ असेही त्याखाली लिहिले, तर त्यावर स्वतंत्र धागा काढू. मी तो पूर्ण गांभीर्याने वाचीन.